लाल रेघेवरचे शब्द

पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत येत होते, पण त्याला घाई नव्हती. आधी ते जाळीवर थबकले, मग जाळीचे बारीक चौकोन सोबत घेऊन फरशीवर उतरले आणि एकेका टेबलाच्या पायाशी रेंगाळत वर चढले. बारा संगणकांवर बारा विटके निळे अभ्रे होते. झोपलेल्या मुलांच्या पाठीवरून हात फिरवावा, तसे ते ऊन त्यांच्यावरून सरकत गेले. खडूची धूळ तरंगत होती. बाहेर हापशाचा दांडा करकरत होता. शनिवारच्या सकाळच्या शाळेतले नेहमीचेच ऊन. भागवत मात्र ते सातव्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर पाहत राहिला. ती राजेश्वरीची जागा होती.

"झाला का तुमचा साचा?" मुख्याध्यापक आबासाहेबांनी दारातूनच विचारले. "दिवाळीपासून चालले आहे, सर. एवढ्यात कुंभाराने गावभर माठ पुरवले असते."

संगमनेरचा भागवत पाथर्डी तालुक्यातल्या या शाळेत संगणक शिकवायला आला, त्याला दोन वर्षे झाली होती. देणगीत आलेली ही जुनी यंत्रे त्याला नव्याने उभी करायची होती. रीत साधी होती. एका संगणकावर सगळे मनासारखे बसवायचे, मराठी कळफलक, धडे, शब्दकोश. मग त्या यंत्राचे नावगाव पुसून त्याची इमेज, म्हणजे हुबेहूब साचा, काढायची आणि तीच उरलेल्या अकरांवर उतरवायची. नंतर काही घालावेसे वाटले, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून.

अडले होते शब्दकोशापाशी. नववीतल्या राजेश्वरीने 'आमची कोपी' हा तोडीवरच्या झोपडीवरचा निबंध टंकला, तेव्हा पडदा लाल रेघांनी भरून गेला होता. कोपी, पाचट, मोळी, वाढं, सगळे उसाच्या फडातले शब्द.

"सर, माझंच समदं चुकतंय व्हय?"

"तुझे चुकत नाही. त्याला हे शब्द कुणी शिकवलेच नाहीत."

"मग न्हेते त्याला तोडीला," ती म्हणाली, आणि वर्ग हसला.

दुसऱ्या दिवशी तिने वहीत एकेचाळीस शब्द लिहून आणले. "आजून लई हायेत. आल्यावर सांगते." दिवाळी सरताच ती आईबापांच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेली. भागवतने ते शब्द कोशात घातले, पण इमेज काही काढली नाही. उरलेले शब्द तिच्या तोंडून यावेत, आणि एकदा तरी तिने आपला निबंध बिनरेघेचा पाहावा, एवढीच त्याची इच्छा होती.

काल संध्याकाळी टोळ्यांचे ट्रक गावात परतले होते.

आबासाहेब वळले, तोच राजेश्वरीची आजी रंगुबाई पुस्तकांचे गाठोडे घेऊन दाराशी आली.

"मास्तर, ही राजीची पुस्तकं. दुसऱ्या कुन्या पोरीला व्हतील."

"ती का नाही आली, आजी?"

"ती तिच्या घरी. बीडाकडं दिलीया. सासू चांगली हाय."

"मला कुणी सांगितले नाही."

"आँ? राजीचा बाप, हनुमंत, दिवाळीत सोता आल्ता की! हितंच हुबा ऱ्हायल्ता."

"यंदा पोरीचाही कोयता लावलाय, एवढेच म्हणाले होते."

"मग? येकट्याचा कोयता असतो व्हय? नवराबायकोच्या जोडीला म्हंत्यात कोयता. तुमी शिकल्याली मानसं, आन् हे मी सांगायचं?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसते नवल होते. एकेक पुस्तक पदराने पुसून तिने टेबलावर ठेवले. "लई नाव काढायची तुमचं," म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

आबासाहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि तेही निघून गेले.

भागवतने मूळ संगणक सुरू केला. निबंध उघडून तो शेवटपर्यंत वाचला. एकही लाल रेघ नव्हती. मग त्याने राजेश्वरीचे खाते पुसायला घेतले. खात्यातले सर्व काही कायमचे जाईल, चालेल का, असे पडद्याने विचारले. त्याने होकार दिला. इमेज निघू लागली.

हनुमंत दाराशी उभा राहून जे बोलला, त्याचा अर्थ भागवतला त्याच क्षणी कळला होता. राजेश्वरी पंधरा वर्षांची होती, आणि भागवतने कुणालाही काही सांगितले नव्हते.