मावशीच्या वेणीचा टोप

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. स्वयंपाकघरातला नव्हे, डोक्यावर घालायचा, खऱ्या केसांचा.

जन्माने मी वेणी. माझी मालकीण होती मावशी. वेणी गुडघ्यापर्यंत, आणि मावशीचा तोरा त्याहून लांब. पण तिच्या दहा वर्षांच्या भाचीला चाई लागली. डोक्यावरचे सगळे केस पुंजक्यापुंजक्याने गेले, भुवयासुद्धा राहिल्या नाहीत. तेव्हा मावशीने एका दुपारी कात्री मागवली. "माझे वाढतील. हिचे कुठं वाढतायत?" एवढेच ती म्हणाली.

मला घडवले नाटकांचे टोप करणाऱ्या एका बाईंनी. खिडकीपाशी बसून बारीक आकडीने दोनदोन केस जाळीत गाठवत त्यांनी दोन महिने काढले. दृष्ट लागावी असा मी झालो. विम्याचे पैसे आले की द्या, असेही त्या म्हणाल्या. पण सवयीने त्यांनी नाटकाचेच छापील बिल भरले : 'नग एक. पात्र : नायिकेची धाकटी बहीण.' विमा कंपनीचे उत्तर आले, नाटकाच्या सामानाला आरोग्य विमा लागू नाही.

मुलीच्या आईने धसकाच घेतला. "मंजुरी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. परत करावा लागला तर?" झाले! मी खोक्यात आणि मुलगी घरात. केसांशिवाय ती शाळेत पाऊल टाकायला तयार नव्हती. रोज दुपारी खोके उघडून मला नुसती बघायची आणि झाकण लावायची. मला फार वाईट वाटे.

शेवटी आई मला पिशवीत घालून, मुलीला घेऊन विमा कचेरीत गेली. तिथल्या साहेबांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. "ताई, माझं बघा. मला कुठं कोण टोप देतंय?" ते हसत म्हणाले.

मुलीने डोक्याचा रुमाल सोडला. वडिलांसमोरही ती तो सोडत नसे. "पण काका, तुम्हाला कुठं शाळेत जायचंय?"

साहेबांचे हसू मावळले. त्यांनी कागद पुन्हा वाचला. "डॉक्टरांकडून लिहून आणा, हा उपचाराचा भाग आहे म्हणून. आणि त्या बाईंकडून साधं बिल आणा हो, नाटकाचं नको. पुढचं मी बघतो."

तीन आठवड्यांनी मंजुरी आली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत!

काय दिवस होते ते! झोपाळ्यावर ती एका हाताने दोर धरी आणि दुसऱ्याने मला. दर रविवारी न्हाऊन मी पालथ्या पातेल्यावर वाळत बसायचो, आणि आई ओरडायची, "अगं, ते पातेलं हवंय मला!" मग मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली. एका सकाळी टोप नाही, रुमाल नाही, तशीच ताठ मानेने कामावर गेली. मला आनंद झाला, आणि खरे सांगतो, रडूही आले. त्यानंतर कितीतरी वर्षे मी कपाटात होतो.

परवा कपाट उघडले. मावशीला मोठे आजारपण आले आहे, औषधांनी तिचे केस गेले आहेत. महिनाभर तिने उंबरा ओलांडलेला नाही. टोपासाठी केलेला तिचा अर्ज 'शोभेची वस्तू' असा शेरा घेऊन परत आला. भाची कंपनीशी भांडते आहेच, पण तोवर तिने मला धुतले, पातेल्यावर वाळवले आणि मावशीच्या डोक्यावर ठेवले.

मावशी आरशात बघून म्हणाली, "मेला एक केस पिकला नाही याचा!" मग सवयीने तिने हात मागे नेला. तो खांद्याशीच थांबला. "आणि माझी वेणी गं?"

"माझ्या शाळेत खर्ची पडली, मावशी."

मावशी कितीतरी वेळ मला कुरवाळत राहिली. मग म्हणाली, "चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

मित्रांनो, मला पिळू नका, उन्हात टाकू नका. आणि मोठे होऊन कधी त्या कचेरीतल्या टेबलामागे बसलात, तर शेरा मारण्याआधी समोरच्या माणसाला एवढेच विचारा, की त्याला कुठे जायचे आहे.