वर काय?

गेल्या मंगळवारी मी तुमसरचा सेंटर हाफ उन्हात धरला, तेव्हा त्याच्या डाव्या गुडघ्यातून पलीकडचं कडुनिंबाचं झाड दिसलं. पानं मोजता आली असती. "हा गेला," मी म्हणालो, आणि त्याची घडी घालून ज्या चाहत्यानं आणला होता त्याच्या पिशवीत परत ठेवला.

मी हॉकी लीगचा पारखी आहे. कन्हानला मैदानाच्या मागे माझी खिडकी आहे. चाहते दोन संघांचे दोन खेळाडू चौघडी करून आणतात आणि म्हणतात, आमचा हा त्यांना द्या, त्यांचा तो आम्हाला द्या. मी दोघांना झटकतो आणि उन्हात धरतो. खेळाडू जिथं झिजलेला असेल तिथून उजेड येतो. बरोबरीचा सौदा असेल तर मी 'रास्त' म्हणतो. नसेल तर 'नाही' म्हणतो आणि काय कमी पडतं तेही सांगतो.

चाहत्यांइतकं लबाड कोणी नसेल. आपल्या संघाचं पोतेरं त्यांना शालू वाटतं आणि दुसऱ्याचा शालू पोतेरं. दोन म्हातारे फुलबॅक आणि एक लंगडा राखीव देऊन ते पेनल्टी कॉर्नरचा बादशहा मागतात, वर तोंड करून विचारतात, "बरोबर हाये ना जी?" मी त्यांना तिथल्या तिथे सोलून काढतो. मला ते आवडतं.

'रास्त' म्हटलं की अदलाबदल झाली. कन्हानचा लेफ्ट आउट मी वरोऱ्याला दिला, त्याच दुपारी त्याच्या बायकोनं वरोऱ्याहून आलेल्या माणसाचे मोजे वाळत घातले. लग्नाच्या फोटोतही आता तोच होता. आधीचं कोणाला धड काही आठवत नाही. फक्त पारख्याला आठवतं, कारण कोणीतरी लक्षात ठेवायला हवं. एकदा एक म्हातारी खिडकीशी आली आणि म्हणाली, "सायेब, घरात एक पोरगा हाये, मले आई म्हणते. पण तो कोण हाये?"

"बाई, सौदा रास्त होता," मी सांगितलं.

ती हात जोडून गेली. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच वाटला.

ही पारख मी आईकडून शिकलो. भांडेवाली दारात आली की आई ओट्यावर ठाण मांडायची. चार जुन्या साड्या आणि एक पँट, बदल्यात स्टीलचा एक गंज, म्हणजे पातेलं. भांडेवाली साडी उन्हात धरून विरलेली जागा दाखवायची, आई गंज वाजवून त्याचा पातळ पत्रा दाखवायची. तासभर घासाघीस झाली की शेवटी आई विचारायची, "वर काय?" म्हणजे सौदा मान्य, आता वरून काय टाकतेस ते बोल. एकदा हे तोंडातून गेलं की मागं फिरणं नाही. मग वर चमचा पडो की टाचणी, नाक न मुरडता घ्यायचं.

एकदा भांडेवालीनं माझ्या अंगातल्या नव्या शर्टाकडे बोट केलं. "या शर्टावर हा वाडगा देते," ती म्हणाली. आईला हसू आलं. "शहाणीच आहेस! वर काय?" ती थट्टेनं बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. भांडेवालीनं वाडग्यात एक चमचा टाकला. आईनं तिथंच ओट्यावर माझा शर्ट उतरवला. मी बनियनवर शाळेत गेलो. शब्द असावा तर ढोमणेबाईंसारखा, असं आईबद्दल कन्हानात अजून म्हणतात. खिडकीवर बसलो त्या पहिल्या दिवशी मी हाच नियम पाटीवर लिहून टांगला: 'वर काय?' म्हटलं की सौदा पक्का.

यंदा रांग वाढली. आधी ती मैदानाला वळसा घालून आठवडी बाजारापर्यंत गेली, मग नाला ओलांडून आमच्या गल्लीत शिरली. एका सकाळी ती आमच्या मागच्या दारानं घरात आली आणि पुढच्या दारानं बाहेर पडली. रांगेला मी काही बोलू शकत नव्हतो. कुंदा, माझी बायको, त्यांना चहा करून द्यायला लागली. चाहते आमच्या दिवाणावर टेकायचे, स्वयंपाकघरात पुढे सरकायचे आणि परसाच्या उंबऱ्यावर थोडा वेळ उभे राहायचे. परसात निहू असायची.

निहू माझी मुलगी. अकरा वर्षांची, सहावीत, एकुलती एक. माझ्यासारख्या खत्रूड माणसाला जगात कोणाचं काही वाटत असेल तर तिचं. ती माळ्यावरची माझी जुनी हॉकी स्टिक काढून पेरू पाडायची. पेरू जमिनीला लागू द्यायची नाही. हवेतच स्टिकवर झेलायची.

"मनगट पाहा पोरीचं," उंबऱ्यावर कोणीतरी म्हणालं.

तो गंगाधर भोयर होता. तुमसर संघाचा चाहता, गळ्यात कायम हिरवं उपरणं. मी त्याचे सतरा सौदे परत केले होते आणि प्रत्येक वेळी रांगेदेखत त्याची अक्कल काढली होती. तो हसून ऐकायचा. घरी आल्यावर मला हे कळलं तेव्हा मी निहूच्या हातून स्टिक काढून घेतली आणि पाटावर आपटून मोडली. ती रडली. पण त्यानं काही होणार नव्हतं. ज्यानं एकदा स्टिक धरली तो अदलाबदलीच्या यादीत आला, असा लीगचा नियम आहे. तोही मीच लिहिला होता.

शुक्रवारी अकरा वाजता भोयर खिडकीशी आला. त्यानं पिशवीतून तुमसरचा गोलकीपर काढला. मोरेश्वर डहाके, वय छत्तीस. मी त्याला झटकलं, उन्हात धरलं. दोन्ही गुडघे गेलेले, खांदा जाळीजाळी, पोटाजवळ रफू.

"आणि बदल्यात?" मी विचारलं.

भोयरनं दुसरी घडी काउंटरवर ठेवली. छान इस्त्री केलेली होती. मी उलगडली तर निहू.

"वयनींनीच घडी घालून देल्ली," भोयर म्हणाला. "म्या त्यायले म्हटलं, सायबानं बोलावलं हाये."

"बाबा, तुम्ही बोलावलं ना?" निहूनं विचारलं. "घडीत पाय झोपले माझे."

सवयीनं माझे हात वर गेले. मी तिला उन्हात धरलं. कुठूनही उजेड आला नाही. एक टाका उसवलेला नव्हता, एक सुरकुती नव्हती. खिडकीचं ऊन तिनं पूर्ण अडवलं आणि माझ्या टेबलावर अंधार पडला. रांगेतून लोक 'वा' म्हणाले. मला एवढा आनंद झाला की लाज वाटावी.

"नाही," मी म्हणालो.

"नाही तर नाही जी," भोयर म्हणाला. "पण काय कमी पडते ते सांगा. सतरा वेळा सांगितलं, आज बी सांगा."

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण रांग ऐकत होती, आणि त्या माणसाला सोलून काढायची माझी जीभ शिवशिवत होती.

"काय कमी पडतं? अरे, डोळे आहेत की कवड्या? ही कोरी करकरीत पोर, आणि तू हे चाळणी झालेलं धूड घेऊन आलास? हिच्या एका बोटाला तरी पुरतो का हा? वर काय?"

रांगेतले सगळे पाटीकडे बघायला लागले. भोयरनं खिशात हात घातला, बुटाची एक नाडी काढली आणि डहाकेवर ठेवली.

"वर हे," तो म्हणाला.

"मी थट्टेनं बोललो."

"तुमच्या मायनं बी थट्टेनंच म्हटलं होतं जी."

मीही पाटीकडे पाहिलं. अक्षर माझंच होतं. तेवढ्यात रांगेतून ती म्हातारी पुढे आली, आणि तिचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. "म्हंजे सौदा फिरवता येते का सायेब?" तिनं विचारलं.

तिच्या मागे सगळे माझ्याकडे बघत होते. मी नाही म्हणू शकलो असतो. माझी जीभ कोणी धरली नव्हती. पण एक सौदा फिरला की सातशे फिरतात, आणि सातशे फिरले की मी कोण उरतो? खिडकीत बसलेला एक माणूस. मी निहूकडे पाहिलं. ती पोटऱ्या चोळत होती.

"रास्त," मी म्हणालो.

घडी मीच घातली. कुंदानं पाडलेल्या दुमडीवरच ती बसली. "बाबा, सोमवारी सहामाहीचा गणिताचा पेपर आहे," निहू घडीतून म्हणाली. भोयरनं तिला पिशवीत ठेवलं, मला नमस्कार केला आणि तो तुमसरच्या बसला गेला. म्हातारी हात जोडून माघारी वळली. मला ओक्साबोक्शी रडायचं होतं, पण रांगेत पुढचा माणूस होता.

घरी आलो तेव्हा कुंदा डहाकेच्या डोक्याला तेल लावत होती. तो तिच्या पुढ्यात मांडी घालून बसला होता. मिशा, छातीवर पांढरे केस, मांडीवर गणिताची वही.

"पाहा ना, सहावीत आला तरी अपूर्णांक येत नाही याला," ती म्हणाली.

"कुंदा, निहू आठवते का?"

"कोण निहू?"

"बाबा," डहाके म्हणाला, "दोन तृतीयांश मोठं की तीन चतुर्थांश?"

मी त्याला शिकवलं. शिकवणार नाही तर काय करणार? पोर बिचारं गुणी होतं. रात्री अंथरुणात त्याचे गुडघे दुखायचे, तेव्हा कुंदा ते चेपून द्यायची आणि म्हणायची, वाढीचं वय आहे.

दुसऱ्या रविवारी तुमसरला कन्हानचा सामना होता. मी डहाकेला घेऊन गेलो. तो माझं बोट धरून चालत होता आणि दुसऱ्या हातात त्याची कुल्फी होती. आम्ही तुमसरच्या गोलपोस्टच्या अगदी मागे, जाळीला लागून उभे राहिलो.

निहू गोलमध्ये होती. डहाकेचेच पॅड तिला बांधले होते, ते तिच्या छातीपर्यंत येत होते. हेल्मेट तिच्या डोक्यावर गरगर फिरत होतं, आणि दर वेळी ती ते दोन्ही हातांनी सरळ करत होती. आमच्या कन्हानच्या पोरांनी हात राखून मारलं नाही. का राखावं? समोर छत्तीस वर्षांचा अनुभवी गोलकीपर होता. पहिले तीन फटके तिनं अडवले, एक पॅडवर, दोन अंगावर. चौथ्यापासून तिला पाय हलवता येईना. कन्हानचे चाहते माझ्या आजूबाजूला नाचत होते. पलीकडे भोयर तुमसरच्या लोकांना सांगत होता, "म्हातारी झाली आता. विकून टाका."

"बाबा, तिला लागतं आहे," डहाके म्हणाला.

"कुल्फी खा," मी म्हणालो.

नववा गोल जाळी फाडून गेला आणि चेंडू माझ्या पायाशी येऊन थांबला. निहू वळली. हेल्मेट वर सारून ती जाळीपाशी आली. ओठ फुटला होता, एक डोळा सुजून मिटला होता. उघड्या डोळ्यानं तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"काका," ती म्हणाली, "चेंडू देता का जी?"

'जी' ती घरी कधी म्हणायची नाही. मी वाकून चेंडू उचलला आणि फाटलेल्या जाळीतून तिच्या हातात दिला. तिनं तो फ्रॉकला पुसला, पंचांकडे टाकला, हेल्मेट खाली ओढलं आणि पुढच्या पेनल्टी कॉर्नरसाठी गुडघे वाकवून उभी राहिली.