दीड मिलिमीटरची फट

शपथ घेऊन सांगते, आणि पुटपुटून नाही, चार घरांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं: यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या बत्तिशीची शपथ! आता माझी बत्तिशी अठ्ठावीस दातांचीच आहे, कवळीत अक्कलदाढा घालत नाहीत. पण शपथेला चार दात कमी चालतात.

तर मी खुर्चीत आडवी. डोक्यावर दिवा, गळ्यात कागदी फडकं, तोंडात मेण. हो, मेण. कवळी पक्की करण्याआधी दात मेणात बसवतात आणि तोंडात घालून बघतात. चुकलं तर मेण तापवायचं, दात सरकवायचा. त्या हॉलमध्ये अशा सहा खुर्च्या होत्या. सहा खुर्च्यांत सहा बोळकी, आणि सहा बोळक्यांच्या डोक्याशी सहा डॉक्टर. सगळे आपापला दवाखाना सांभाळून, आठवड्याचे दोन दिवस कवळ्यांचं मोठं शिक्षण घ्यायला येणारे. त्या दिवशी त्यांची शेवटची परीक्षा होती. पाच जण तिशीतले. सहावी माझी सून, वय वर्षं सत्तेचाळीस, एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर.

"आई, हलू नका."

"हलत नाहीये गं. श्वास घेतेय."

"मग तोही बेतानं घ्या."

 खालचा ओठ तिनं दातांत धरला होता. तेवीस वर्षं बघतेय मी, तो ओठ असा आत गेला की समजायचं, बाई आता माघार घेणार नाही.

माघार घ्यायला जागाच नव्हती म्हणा. गेल्या वर्षी ती या परीक्षेला बसली आणि तिचा पेशंट, चांगला निवृत्त हेडमास्तर, अर्धे दात मेणात असताना मुलीकडे परदेशी उडाला. पेशंट नाही तर परीक्षा नाही. आणि या वर्षानंतर हा अर्धवेळचा अभ्यासक्रमच बंद होणार होता. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

तेव्हा मीच म्हटलं, "मला घे. मी कुठे पळून जाणार नाही. फार तर मरेन, पण ते तुझी परीक्षा झाल्यावर."

तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशाला? दवाखाना चालत होता की तिचा. आमच्याच घराच्या खाली, जिन्याला लागून. सांगते. ती लग्न होऊन आली तेव्हा माझे दात आधीच गेलेले. हिरड्याच दगाबाज निघाल्या. नव्या सुनेनं हौसेनं पहिलं काम काय केलं, तर सासूला कवळी केली. आणि काय कवळी होती! मी बोलायला लागले की ती आधी बोलायची. घास मी उजवीकडे चावला की ती डावीकडून उठून उभी. महिनाभर सोसली, मग स्टीलच्या डबीत ठेवली. कुणाच्या लग्नाकार्याला तेवढी काढायची, फोटो झाला की परत डबीत. वीस वर्षं मी घास कुस्करून खाल्ला. तिनं कधी विचारलं नाही, मी कधी बोलले नाही. पण रोज जेवताना तिची नजर माझ्या ताटाकडे जायची आणि चटका बसल्यासारखी परत फिरायची.

आणि एक दिवस, चव्वेचाळिसाव्या वर्षी, बाईसाहेब अर्ज घेऊन आल्या.

आमचे चिरंजीव म्हणाले, "आता? अगं, या वयात लोक दवाखाना भाड्यानं देतात. आणि तुला दात काढता येतात ना झकास?"

"काढता येतात," ती म्हणाली. "लावता येत नाहीत. तुमच्या आईची कवळी वीस वर्षं डबीत आहे. ती मी केलेली आहे."

मी ताटात डोकं घातलं. दातखीळ बसली म्हणायला दात तरी हवेत!

मग तीन वर्षं शुक्रवार-शनिवार सहाची बस. फ्रिजवर, आरशावर, न्हाणीघराच्या दारावर जबड्यांची चित्रं चिकटवलेली. बरोबरची पोरं तिला काकू म्हणायची. आणि तिथले मुख्य सर, त्यांना सगळे फूटपट्टी म्हणत. वरच्या खिशात खरीच स्टीलची पट्टी. कपातला चहासुद्धा मापून पीत असतील. पहिल्याच दिवशी तिला म्हणाले, "मॅडम, तुमच्या हातांना वीस वर्षांचं चुकीचं वळण आहे."

ही म्हणाली, "मग सर, मोडायला अभ्यासक्रमाची दोन वर्षं पुरतील ना?"

तर, दात निवडायची वेळ आली तेव्हा तिनं वही काढली आणि मला विचारलं, "आई, तुमचे मूळचे दात कसे होते?"

तेवीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला गुडघे विचारतात, औषध घेतलं का विचारतात. दात कसे होते, हे कोण विचारतं?

"पुढच्या दोन दातांत फट होती," मी म्हटलं. "त्यातून शीळ घालायचे. जिन्याच्या खालच्या पायरीवरून घातली की वरचं दार उघडायचं, अशी शीळ."

"फट?" चिरंजीव पेपरातून डोकं काढून म्हणाले. "मला नाही आठवत."

"तू जेवताना ताटाकडे बघत होतास रे. आईच्या तोंडाकडे कधी बघितलंस?"

 सून माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "केवढी होती?"

"मोजायला मी काय फूटपट्टी आहे? दोन पोस्टकार्डं सरकतील एवढी."

"बरं," म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं.

मेणातले दात परीक्षेच्या चार दिवस आधी तयार झाले. एकदा दवाखान्यात घातले आणि फुंकर मारली मात्र, स्टूलावर बसलेली नर्स दचकून उभीच राहिली. सून हसली, पण लगेच बोट वर करून म्हणाली, "आई, परीक्षेत हे नाही हं. तिथे तुम्हाला एकसष्ट, बासष्ट म्हणायला लावतील. 'स' म्हणताना शीळ आली की दात चुकलेत असं धरतात." मग रोज अर्धा तास माझा अभ्यास. जीभ जराशी खाली ठेवली की शीळ गप्प, वर उचलली की सुरू. चौथ्या दिवशी मी तरबेज.

आता परत हॉलमध्ये चला. फूटपट्टी आले. बरोबर बाहेरगावचे परीक्षक, सत्तरीचे, टाय लावलेले, दात असे पांढरे आणि सारखे, जशा न्हाणीघराच्या फरशा. ते मागे हात बांधून नुसते बघत होते.

"म्हणा आजी," फूटपट्टी म्हणाले. "एकसष्ट ते अडुसष्ट."

आणि मला काय झालं कोण जाणे. एवढा मोठा हॉल, सगळे मास्तरांपुढे बसल्यासारखे चिडीचूप, छत उंच. वीस वर्षं बोळकं तोंड घेऊन काढलेली बाई मी. जीभ वर गेली.

"एकसष्ट." शीळ घुमली.

"बासष्ट." आणखी मोठी.

शेजारच्या खुर्चीतले आजोबा फिस्सकन हसले आणि त्यांचे मेणाचे दात त्यांच्या मांडीवर.

फूटपट्टींच्या कपाळाची शीर ताठ उभी राहिली. "शीळ! सरळ सरळ शीळ! आणि ही फट? नव्या कवळीत फट? मॅडम, पंधरा मिनिटं देतो. मेण तापवा आणि फट बंद करा. नाहीतर पुढे बघायची गरज नाही."

तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं.  एका खोडीपायी मी त्या पोरीची तीन वर्षं फुंकून टाकली होती. "अहो, ते मीच…" म्हणायला गेले तर शब्द मेणातच अडकले.

बाजूला बर्नर पेटलेला होता. सुनेच्या हातात मेणाची सुरी होती. तिनं ती ट्रेमध्ये ठेवली. आवाज न करता ठेवली, पण ऐकू आली सगळ्यांना.

"नाही सर."

"काय म्हणालात?"

"फट बंद करणार नाही. ती चुकून राहिलेली नाही. मी ठेवलेली आहे."

"कशावरून? फोटो आहे यांचा?"

"आमच्या वेळी फोटोत तोंड मिटून बसायचे," मी म्हटलं. नुसती बसून राहणारी नव्हते मी.

"जुनं मॉडेल आहे सर," सून म्हणाली. "प्लास्टरचं. दवाखान्यात ठेवलंय. त्यावरून माप घेतलं. दीड मिलिमीटर." हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

"आणि शीळ?"

"शीळ दातांची नाही सर. पेशंटची आहे." ती माझ्यावर वाकली. डोळ्यांत राग नव्हता, पण डोळे हलतही नव्हते. "आई. आता शीळ न घालता."

मी जीभ खाली ठेवली. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. एक 'स' इकडचा तिकडे नाही. शाळेत असे पाढे म्हटले असते तर मी आज कुठल्या कुठे असते.

"आता घालून."

घातली. पार छताला लावून आणली.

"दात चुकले असते," सून सरळ उभी राहून म्हणाली, "तर त्यांना थांबवता आली नसती."

हॉलमध्ये बाकीच्या पाचांच्या सुऱ्या जागच्या जागी थांबलेल्या. फूटपट्टींनी पट्टी खिशातून काढली, बघितली, परत ठेवली. "नियमाप्रमाणे पुढचे दात जोडून हवेत. मला मार्क कापावे लागतील, मॅडम."

"कापा सर. फट राहील."

असं म्हणाली! तोंडावर! नापास होईन, पण मेणाला हात लावणार नाही, असा तो आवाज. मला वाटलं, झालं. आता ही उद्यापासून परत दात काढणार आणि मी परत घास कुस्करणार. मग कसली भीती? मी त्या टायवाल्या परीक्षकांकडे वळले.

"अहो डॉक्टर, तुमची कवळी कुणी केली?"

फूटपट्टी पांढरेफटक. परीक्षक म्हणाले, "का हो आजी?"

"नाही, सगळे दात एका मापाचे. कवायतीला उभे केल्यासारखे. एकही तुमचा वाटत नाही."

 आणि ते हसायला लागले. असे हसले, असे हसले, की वरची कवळी सुटली आणि त्यांनी ती हनुवटीखाली अलगद झेलली. त्या वयात असा झेल! आतमध्ये बसवली, डोळे पुसले आणि फूटपट्टींना म्हणाले, "माझी मीच केली. चाळीस वर्षं पोरांना हेच शिकवत आलोय, जोडून बसवा, जोडून बसवा."

मग वाकून माझ्या तोंडात परत एकदा नीट बघितलं. सुनेला विचारलं, "या पूर्वी अशाच दिसायच्या का?"

सुनेनं माझ्या गळ्यातलं कागदी फडकं सरळ केलं. "त्यांना हवं तसं आहे हे, सर."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खुर्चीकडे गेले. मागे हात बांधून.

पास झाली. फूटपट्टींनी सहा मार्क कापलेच, माणूस नियमाचा पक्का. सहा जणांत तिचा पाचवा नंबर. पण नव्या पदवीच्या अक्षरांची पाटी चिरंजीवांनी स्वतः शिडीवर चढून ठोकली. मधेच खाली उतरून दोनदा विचारलं, सरळ आहे का गं? ती स्टीलची डबी रिकामी झाली, तिच्यात आता बटणं आहेत. आणि मी सफरचंद खाते. अख्खं. चिरंजीवांच्या समोर बसून.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारी फेकतेय, परीक्षकांची कवळी काही हातात पडली नसणार. पडली! ते सोळा आणे खरं. शेजारच्या आजोबांचे दात मांडीवर पडले, तेही खरं.

पण शपथ मोठ्यानं घेतलीय, तर एक कबूल करते. फट माझी नव्हती.

माझे दात होते तोवर सरळच होते, कवायतीला उभे केल्यासारखे. फट ह्यांची होती. कामावरून आले की खालच्या पायरीवर उभं राहून शीळ घालायचे आणि मी वरचं दार उघडायचे. छत्तीस वर्षं. ह्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली. दात मागायची वेळ आली तेव्हा वाटलं, मागायचेच आहेत तर आपलेच कशाला मागायचे? एवढंच खोटं. कुणाला कळलं नाही, या आनंदात होते मी.

परवा दवाखान्यात धूळ झटकायला गेले. वरच्या फळीवर जुने प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, सगळ्यांवर बोटभर धूळ. एकच स्वच्छ पुसलेला. उचलून बघितला. पुढच्या दोन दातांत फट. खाली पेन्सिलनं, नव्या नवरीच्या गोल गोल अक्षरात, 'बाबा'. ती आली त्या वर्षी ह्यांच्या दाढेला टोपी बसवायला माप घेतलं होतं, मी साफ विसरले होते.

म्हणजे पोरगी हॉलमध्ये खोटं बोललीच नव्हती. मॉडेल कुणाचं, ते कुणी विचारलं नव्हतं.

मी ते जसं होतं तसं परत ठेवलं. मी काही बोलले नाही, तीही बोलली नाही. आमचं घर तसंच आहे. संध्याकाळी फिरून आले की खालच्या पायरीवर मी जरा दम खाते, आणि जीभ वर उचलते.

वरचं दार उघडतं.