पोटावर बांधलेलं चिलखत

पोट झाकणं हे माझं काम नाही, एवढं आधी सांगून टाकतो. मी चिलखत आहे, स्वयंपाकाचा एप्रन नव्हे. माझ्या पुढच्या आणि मागच्या खिशात सिरॅमिकची एकेक जाड प्लेट आहे. रायफलची गोळी आली तर ती प्लेट स्वतः फुटते आणि आतल्या माणसाला वाचवते. माणसाचं काळीज आणि फुप्फुसं छातीत असतात, म्हणून माझी जागा छातीवर. हे सगळं माझ्यासोबत आलेल्या कागदावर चित्रासकट छापलं होतं. पण कागद वाचेल तो डेल्बर्ट प्रुइट कसला!

डेल्बर्ट माझा मालक. वय चौसष्ट. अमेरिकेत मिझुरी राज्याच्या डोंगराळ भागात त्याच्या चाळीसेक गायी आहेत, कपाटात अकरा बंदुका आहेत आणि घरात नेडीन आहे. नेडीन त्याची बायको, एकोणचाळीस वर्षांची सोबत.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. भट्टीतून प्लेटा निघाल्या, एका बाईने शिवणयंत्रावर माझे पट्टे दुहेरी टाके घालून पक्के केले आणि मला आणखी शंभर भावंडांसोबत टांगलं. त्यातली काही पोलिसांकडे गेली, काही सैनिकांकडे. मलाही वाटायचं, आपल्या वाट्याला काहीतरी कामाचं येईल. माझ्या खोक्यावर पत्ता चिकटला तो बेथेल क्रीक गावाच्या बाहेर, कच्च्या रस्त्याच्या शेवटी असलेल्या घराचा.

मला निवडायला डेल्बर्टला चौदा महिने लागले. हे मला नेडीनच्या टोमण्यांतून कळलं. “मला त्याने तिसऱ्या भेटीत लग्नाचं विचारलं होतं,” ती फोनवर बहिणीला सांगत होती, “आणि या जाकिटासाठी सव्वा वर्ष व्हिडिओ बघत बसला!” पोलादी प्लेट घ्यावी तर ती जड, शिवाय गोळी आदळली की तिचे तुकडे मानेकडे उडतात. सिरॅमिकची घ्यावी तर ती हलकी, पण हातातून पडली की आतून तडकते आणि वरून काही दिसत नाही. कुठली प्लेट कुठली गोळी अडवते याचे तक्ते त्याने भिंतीवर लावले होते. शेवटी इतका अभ्यास करून त्याने माझं माप कशावरून ठरवलं? स्वतःच्या शर्टावरून! सगळ्यात मोठं मागवलं आणि पोट झाकलं जावं म्हणून मला खाली ओढून बांधलं.

त्याचा मित्र रॉइस टॅकेट आला तेव्हा दारातच थबकला. रॉइस पूर्वी सैन्यात होता, आता गुरांच्या खाद्याचं दुकान चालवतो.

“अरे मर्दा, हे काय बांधलंयस? वर घे की! प्लेटची वरची कड गळ्याखालच्या खळग्याला टेकली पाहिजे.”

“मग पोट उघडं पडतं ना!”

“पोटात ठेवलंयस काय तू? बिस्किटं आणि ग्रेव्ही. पोटात गोळी लागली तर दवाखान्यात न्यायला वेळ तरी मिळतो. छातीत लागली तर मी पाद्रीबाबांनाच फोन करीन.”

डेल्बर्टने “बरं बरं” म्हटलं आणि रॉइसची गाडी वळणाआड जाताच मला पुन्हा पोटावर ओढलं. मी काय बोलणार! रोज सकाळी सवय व्हावी म्हणून तो मला घालून नाश्ता करायचा आणि माझ्यावर मेपलचा पाक सांडायचा.

बरं, हे सगळं कोणासाठी? डेल्बर्टचं म्हणणं असं की एक दिवस वीज कायमची जाणार आणि शहरातली माणसं झुंडीने त्याच्या रानावर चाल करून येणार. मी वर्षभर वाट पाहिली. त्या रस्त्याने टपालवाली बाई यायची, चर्चच्या बायका घरी भाजलेले केक घेऊन यायच्या आणि एकदा एक चुकलेला ट्रकवाला आला होता. त्याला नेडीनने कॉफी पाजली.

माझ्यानंतर डेल्बर्टने अंधारात बघायची दुर्बीण निवडायला घेतली. ही बंदुकीवर बसवायची. चांदण्याचा जरासा उजेड असला तरी त्यातून रान हिरवंगार आणि स्वच्छ दिसतं. पहिली आली तेव्हा तो अंगणात गेला आणि पाच मिनिटांत शिव्या देत परतला. “धूसर आहे. दिव्याभोवती वलयं दिसतात.” परत पाठवली. दुसरी आणली, तीही धूसर. तिसरी तर जास्त चांगल्या कंपनीची होती, तिच्यातही वलयं. प्रत्येक वेळी तो दुकानदाराला फोनवर फैलावर घेई आणि दुकानदार बिचारा माफी मागे.

मला त्याच्या पोटावर बसून एक गोष्ट केव्हाच कळली होती. त्याला वलयं स्वयंपाकघरातल्या दिव्याभोवतीही दिसत होती. तो गायीच्या कानातला बिल्ला हाताने चाचपून वाचायचा. गाडीच्या परवान्यासाठी डोळे तपासायला गेला तेव्हा रांगेत पुढच्या माणसाने वाचलेली अक्षरं त्याने पाठ केली आणि घडाघडा म्हणून दाखवली. घरी येऊन वर नेडीनला ते मोठेपणाने सांगितलं.

“डेल्बर्ट, तुला मोतीबिंदू झालाय,” नेडीन म्हणाली. “तुझ्या बापालाही याच वयात झाला होता.”

“माझे डोळे ठणठणीत आहेत. हल्ली काचाच धड बनवत नाहीत.”

चिलखत निवडायला चौदा महिने, दुर्बिणी तीन, आणि डोळ्यांच्या डॉक्टरसाठी अर्धा दिवस नाही. सांगा, राग येणार नाही तर काय होईल!

मग फेब्रुवारी आला, गायी व्यायचे दिवस. कोल्ह्यांनी एक नवजात वासरू ओढून नेलं आणि डेल्बर्टचं डोकं फिरलं. त्या आठवड्यातच चौथी दुर्बीण आली होती. तो रोज रात्री मला बांधून, कानांवर आवाज रोखायची टोपणं लावून पडवीत बसू लागला.

एका रात्री एक पहिलारू गाय कुंपणाजवळ अडली. नेडीन मागच्या दाराने निघाली. निघताना तिने सांगितलं, “डेल्बर्ट, मी खाली जातेय रे त्या पहिलारूकडे!” मी ऐकलं. टोपणांमुळे त्याने ऐकलं नाही. गाय बिथरत होती म्हणून नेडीनने कपाळावरचा दिवा विझवला आणि गुडघ्यांवर बसून, दोन्ही हात आत घालून वासराचे पाय ओढू लागली.

डेल्बर्टला त्या दुर्बिणीतून काय दिसलं ते मला माहीत आहे, कारण तो पुटपुटला, “आला बघ लबाड. खाली वाकलाय.”

याच माणसाने चर्चमधल्या मुलांना शिकारीचे नियम शिकवले होते. समोर काय आहे याची ओळख पटल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही, हा पहिला नियम. त्याच्या पोटाचा प्रत्येक श्वास मला कळत होता. मी ओरडू शकलो असतो तर त्या रात्री ओरडलो असतो. येणारी गोळी अडवायला मला बनवलंय. जाणारी गोळी मला अडवता येत नाही.

त्याने चाप ओढला.

गोळी पाण्याच्या पत्र्याच्या टाकीत घुसली. टाकी नेडीनच्या खांद्यापासून हातभर लांब होती. पाण्याची धार उडाली, गाय हंबरली आणि मग नेडीनने त्याचं नाव घेऊन जी किंकाळी फोडली ती टोपणांतूनही त्याच्या कानात गेली. तो धावत सुटला, वाटेत पडला, माझ्या पुढच्या प्लेटवर आपटला, उठला आणि पुन्हा धावला. मी आतून तडकलो नाही ते नशीब.

नेडीन चिखलात बसली होती. कोपरापर्यंत हात माखलेले, अंगावर टाकीचं पाणी. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. “पाय धर,” एवढंच म्हणाली. दोघांनी मिळून वासरू ओढून काढलं. ते जगलं.

सकाळी डेल्बर्ट टेबलापाशी चौथी दुर्बीण खोक्यात भरत होता. “बघितलंस ना? सदोष माल. माणूस आणि कोल्हा यातला फरक दिसत नाही हिच्यातून. परत पाठवतो.”

नेडीनने चुलीवरचा तवा खाली ठेवला. खुंटीवरून मला काढलं, माझे पट्टे चार बोटं आवळले आणि मला स्वतःच्या अंगात चढवलं.

“हे काय नवीन?” डेल्बर्ट म्हणाला. “मस्करी पुरे झाली.”

“मस्करी नाही. या घरात याची गरज मलाच आहे. तू डोळे दाखवेपर्यंत हे मी काढणार नाही.”

आणि खरंच काढलं नाही. गायींना चारा घालताना मी, कपडे वाळत घालताना मी. बुधवारी चर्चमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण असतं, तिथेही ती फरसबीचं भरलेलं भांडं हातात आणि मला अंगावर घेऊन गेली. गप्पा एकदम थांबल्या. रॉइस पुढे आला, त्याने माझी वरची कड बघितली आणि म्हणाला, “नेडीन, अगदी बरोबर बांधलंयस. पण वाचायचंय कोणापासून?”

“डेल्बर्टपासून,” ती म्हणाली.

दोन-चार जण हसले. ती हसली नाही. डेल्बर्ट ताट तसंच टाकून बाहेर गाडीत जाऊन बसला.

आता मला रोज नेडीनचं काळीज ऐकू येतं. ते शांत चालतं, गायींजवळ तर फारच शांत. पण पडवीच्या पायरीवर डेल्बर्टचे बूट वाजले की ते धाडधाड उडायला लागतं. एकोणचाळीस वर्षं सोबत राहिलेल्या नवऱ्याची तिला भीती वाटते, आणि हे तिने त्याला सांगितलेलं नाही. मला त्याचा संताप येतो. आणि खरं सांगतो, रडूही येतं.

काल संध्याकाळी तो कॅटलॉग घेऊन तिच्यासमोर आला. वीस दिवस दोघं धड बोलले नव्हते. “दुकानदार चौथी परत घ्यायला कुरकुर करतोय,” तो म्हणाला. “मी त्याच्या वरच्यालाच फोन लावतो. नंबर फार बारीक छापलाय गं. जरा वाचून दे ना.”

नेडीनने कॅटलॉग हातात घेतला. क्षणभर ती त्याच्या पांढुरक्या बुबुळांकडे बघत राहिली. मग पान डोळ्यांसमोर धरून तिने एकेक आकडा सांगितला. ती कॅटलॉगमधला नंबर वाचत नव्हती. ती सांगत होती तो नंबर फ्रिजवर तीन वर्षं चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा होता, तिला पाठ झालेला. डेल्बर्टने बोटाने चाचपत आकडे दाबले आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

“नमस्कार, डोळ्यांचा दवाखाना,” पलीकडून एक मुलगी म्हणाली. “बोला, काय मदत करू?”

डेल्बर्टने मान वर केली. माझ्याखाली नेडीनचं काळीज इतकं उडत होतं की माझी प्लेट हलतेय असं मला वाटलं. तो ओरडेल, फोन आपटेल, उठून जाईल, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

“हॅलो? कोण बोलतंय?”

“डेल्बर्ट प्रुइट,” तो म्हणाला. त्याची नजर नेडीनच्या चेहऱ्यावर होती, पण तो चेहरा त्याला किती दिसत होता कोण जाणे. “मी... मी माझ्या बायकोवर गोळी झाडली. मला ती दिसली नाही.”

पलीकडून मुलीने हळूच विचारलं, “त्या ठीक आहेत ना?”

“समोर बसलीय. चिलखत घालून.”

“बरं,” मुलगी म्हणाली. “तक्रार कुठल्या डोळ्याची आहे, साहेब?”

“दोन्ही,” डेल्बर्ट म्हणाला.