जाऊबाईंसाठी नऊ सदरे

मेंढीमावशींच्या घरी नवी सून आली, तेव्हा पहिल्याच दिवशी सासूनं तिला घरातली माणसं सांगितली. माणसं थोडीच होती. एक मावशी स्वतः, एक त्यांचा मुलगा. तिसरं नाव घेताना मावशींनी लोकर पिंजायचा हात थांबवला.

"आणि माझ्या एक जाऊबाई आहेत."

"कुठं असतात?"

"ओढ्यापलीकडे."

"लग्नात दिसल्या नाहीत."

"बोलावलं नव्हतं. तशा त्या न बोलावता येतात, पण मग घरातलं काहीतरी जातं."

सुनेला वाटलं, असतात अशा घरोघरी. नवरा मान खाली घालून हसत होता. संध्याकाळी तो तिला ओढ्यावर घेऊन गेला आणि ओल्या मातीतला पंजाचा ठसा दाखवला. तिनं शेजारी स्वतःचा तळहात ठेवून पाहिला. ठसा जवळजवळ तेवढाच भरला. जाऊबाई म्हणजे लांडगीण होती.

सात वर्षं मावशींचं आणि तिचं असं चाललं होतं. मावशी मेंढरं घेऊन ओढा ओलांडत नसत, ती कुंपण ओलांडत नसे. पलीकडे तिला रानडुकरं होती, ससे होते, आणि डुकरं आटोक्यात राहिल्यामुळं अलीकडे पिकं उभी राहत होती. भेट कधी झालीच तर लांबून. दोघी एकमेकींकडे बघत, आणि दोघीही आपल्याला काही पडलेली नाही असं दाखवत. लोकर पिंजता पिंजता मावशी गुणगुणत,

ओढ्याच्या पल्याड
माझ्या जाऊचं बिऱ्हाड
मधे पाण्याचं कवाड
कुणी लावलं गं

आता पाण्याचं कवाड कुणाला अडवतं? खरं कवाड होतं ते सदऱ्यांचं. गावात घरं नऊ. सगळ्यांची मेंढरं एकाच मेंढवाड्यात, आणि राखण मावशींकडे. कुंपणाला नऊ खांब, आणि दर खांबावर एकेका घरातल्या पुरुषाचा सदरा. आठवडाभर अंगावर वापरलेला सदरा शनिवारी काढायचा तो थेट खांबावर चढवायचा, आणि आधीचा उतरवून धुवायला न्यायचा. ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. म्हणूनच ती नव्या सुनेला सांगायचं कुणाला सुचलं नाही.

आणि सून होती शहरातल्या लॉन्ड्रीवाल्याची मुलगी.

तिला ते सदरे पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होते. पक्ष्यांना भिववायला लावले असतील, ठीक आहे, पण म्हणून काय काखेत पिवळे नकाशे? कॉलरवर बोटभर मळ? रस्त्यानं येणारा-जाणारा काय म्हणेल? एका बुधवारी मावशी लोकर विकायला बाजाराच्या गावी मुक्कामाला गेल्या, नवरा मेंढरं चारायला गेला, आणि तिनं पदर खोचला. नऊच्या नऊ सदरे भिजवले, घासले, पिळले, नीळ दिली. माहेरहून आणलेला गुलाबाच्या वासाचा साबण अर्धा संपला. तुटलेली बटणं लावली, कडक इस्त्री केली आणि दिवस मावळायच्या आत सदरे जिथल्या तिथं चढवून टाकले. कुंपण असं दिसत होतं की जणू नऊ कारकून ओळीनं कामावर निघालेत.

नवरा परतला. त्याचं कुंपणाकडे लक्ष गेलं नाही. लग्नाला महिना झालेला, लक्ष कुठं होतं ते विचारू नये.

पहाटे कोकरू गेलं. गेलं तेही नेमकं गिरणीवाल्याचं.

सकाळी सगळं गाव गिरणीत जमलं. मावशी बाजारातून थेट तिथंच आल्या, पाठीवरचं रिकामं पोतंसुद्धा उतरवलं नव्हतं. गिरणीवाला पट्ट्याशेजारी स्टुलावर बसला होता. पोट पुढे, मिशीवर पीठ. वीस वर्षांत त्यानं स्वतः एक पोतं उचललं नव्हतं, पण बोलताना मात्र सगळं गाव त्याच्याच खांद्यावर असे.

"पुरे झालं नातं, मावशी. आज कोकरू नेलं, उद्या मेंढी नेईल. आज तिन्हीसांजेला नेमबाज ओढ्यावर बसेल."

नेमबाज हे नाव त्याला कौतुकानं पडलेलं नव्हतं. त्यानं आयुष्यात एकदाच गोळी झाडली होती, ती स्वतःच्या पाण्याच्या टाकीला लागली. पण बंदूक गावात त्याच्या एकट्याचीच होती. तो गंभीर चेहऱ्यानं नळी पुसत होता.

"या खेपेला लागेल," तो म्हणाला.

"लागेलच," कुणीतरी म्हणालं. "सगळ्यांनी आपापल्या टाक्या झाका."

मावशी हसल्या नाहीत. "ही गेली तर ओढ्यापलीकडचं रान रिकामं राहणार आहे का? दुसरी येईल. हिला रीतभात शिकवायला मला सात वर्षं लागली. तितकी वर्षं आता माझ्यापाशी नाहीत." मग हळूच म्हणाल्या, "तिची पिल्लं अजून अंगावर पितात."

"कोकरूसुद्धा पीतच होतं," गिरणीवाला म्हणाला.

मावशी पोत्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या. "मला कळत नाही, ती आत आलीच कशी? सात वर्षांत माणसाचा वास ओलांडून तिनं पाऊल टाकलं नाही."

सून दाराशी बायकांच्या मागे उभी होती. वास. तिनं आपले हात नाकाशी नेले. गुलाबाचा वास अजून गेला नव्हता.

गप्प बसणं सोपं होतं. कुंपणाकडे अजून कुणी पाहिलं नव्हतं, आणि बोललं तर जन्मभराचं नाव ठरलेलं: लांडगीण घरात घेणारी सून. तिनं सासूकडे पाहिलं. मावशींची नजर बंदुकीच्या नळीवर होती.

"आई, मी धुतले," ती म्हणाली.

"काय धुतलंस?"

"सदरे. नऊही." तिनं घाईनं भर घातली, "इस्त्रीपण केली."

आधी नेमबाज हसला. मग गिरणीवाल्याची बायको, पदर तोंडावर धरून. मग हसू असं पसरलं की पट्ट्यावरचं पीठ उडालं. गिरणीवाला तेवढा हसला नाही.

"म्हणजे चूक माणसाची," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज परत जागेवर आला होता. "जाऊबाईंना वाटलं असेल, घर रिकामं झालं, कुणीतरी फुलं लावलीत. भाऊ, माझ्या काळ्या मेंढीचं कोकरू तुमचं. पण आज संध्याकाळच्या आत नऊ सदरे घामेजवून द्या. ते ओलांडूनही ती आली, तर मी स्वतः नेमबाजाशेजारी बसेन."

"आठवडाभराचा घाम एका दिवसात?"

"तुमच्या सदऱ्यावाचून तर चालायचंच नाही. तो मी मुद्दाम फाटकाशी लावते. नऊ जणांत सगळ्यात जालीम."

गिरणीवाल्याला हा मान घ्यावा की परत करावा ते कळेना. तेवढ्यात त्याची बायको खांबावरचा कडक इस्त्रीचा सदरा घेऊन आलीच. "चढवा," ती म्हणाली, "आणि ती चाळीस पोती मागच्या खोलीत न्या. वीस वर्षं सांगतेय."

त्या दिवशी गावात जेवढी कामं झाली, तेवढी वर्षात झाली नव्हती. लाकडं फुटली, विहिरीतला गाळ निघाला, नेमबाजानं अखेर टाकीचं भोक बुजवलं. नऊ पुरुष परीटघडीचे सदरे घालून घाम गाळत होते, आणि ज्या जनावराच्या जिवावर उठले होते त्याच्यासाठी गाळत होते. अठराव्या पोत्याला गिरणीवाला खाली बसला. सून पाण्याचा तांब्या घेऊन गेली.

"पाणी पिऊ का, की वास पातळ होईल?" त्यानं विचारलं.

"प्या, काका. अजून बावीस आहेत."

मावळतीला सदरे खांबांवर चढले. सून स्वतः फिरून चढवत होती, नाक दुसरीकडे करून. मावशी मागून आल्या. हातात एक जादा काठी होती. ती त्यांनी फाटकाशेजारी रोवली.

"हा दहावा कुणाचा?"

"तुझा. घरात नवं माणूस आलंय, जाऊबाईंना कुणी सांगितलंच नाही. डोक्याचा रुमाल दे."

तिनं सकाळपासून डोक्याला बांधलेला रुमाल सोडला. दिवसभर नऊ घरांना पाणी वाहून तो घामानं चिंब झाला होता. तिला लाज वाटली. तरी तिनं तो काठीला बांधला.

नेमबाज ओढ्यावर जाऊन बसला, पण मावशींनी बंदूक आपल्या मांडीवर ठेवून घेतली होती. फाटकाजवळच्या राखणीच्या झापाच्या दारात सासू-सून बसून राहिल्या. मावशी गुणगुणल्या,

तिची पोरं उपाशी
माझी कोकरं उशाशी
रात जागते कुशीशी
दोघींच्याही

उजेड पुरता गेला नव्हता तेव्हा ती आली. सुनेला वाटलं होतं त्याहून लहान, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. पाण्यातून येऊन ती फाटकापासून दहा हातांवर थांबली. गिरणीवाल्याच्या सदऱ्याकडे नाक केलं आणि शिंकली. मग मान वळली ती रुमालाकडे. तिथं ती बराच वेळ नाक उंचावून उभी राहिली. मांडीवरच्या बंदुकीवर मावशींचा हात पडून होता.

लांडगीण वळली. घाई न करता पाण्यात उतरली आणि पलीकडच्या झुडपांत शिरली.

मावशींनी बंदूक बाजूला ठेवली. नाकाला पदर लावून त्या सुनेपासून हातभर सरकून बसल्या.

"पसंत पडलीस बाई," त्या म्हणाल्या. "आता जा, आंघोळ कर."