लाल वासराची वही

आमच्या शाळेत मुलं एक्केचाळीस. कचेरीच्या खिडकीतून दिसणारी गुरं मोजली तर ती त्याहून जास्त भरतात. वारा तेवढा मोजता येत नाही. वाळूच्या टेकड्यांवरून तो येतो, गवत आडवं करतो, झेंड्याची दोरी खांबावर टकटक वाजवतो आणि निघून जातो. या शाळेत मी कारकून, मीच ग्रंथपाल आणि फोनही मीच उचलते. गेली बावीस वर्षं ती टकटक माझ्या कानात आहे.

मे महिन्यात फोन आला. दूरच्या एका कॉलेजातल्या थाळीफेकीच्या प्रशिक्षक बाई बोलत होत्या.

"तुमच्या ब्रिना हावलिकनं परवा राज्याच्या स्पर्धेत थाळी कुठवर टाकली, पाहिलंत का सॉर्ली बाई?"

"पाहिलं नाही, पण इथं सराव करते तेव्हा गायी आपणहून बाजूला होतात," मी म्हटलं.

बाई हसल्या. मग त्यांनी कामाचं काढलं. ब्रिनासाठी त्यांच्या संघात जागा होती, शिष्यवृत्तीही होती. पण कॉलेजच्या खेळांची एक पात्रता कचेरी असते आणि तिचा नियम कडक. नववी ते बारावीच्या चार वर्षांत सोळा मुख्य विषय पूर्ण हवेत, आणि त्यातले दहा बारावीचा पहिला दिवस उजाडायच्या आत. त्या दहांत सात इंग्रजी, गणित आणि विज्ञानाचे.

"नसले तर?"

"तर पहिलं वर्ष नुसता सराव, स्पर्धेत उतरायचं नाही. मला पहिल्याच वर्षी उतरणारी मुलगी हवीय. तुम्ही मोजून सांगा."

मी ब्रिनाचे अकरावीपर्यंतचे मोजले. इंग्रजी तीन, गणित तीन, विज्ञान एक, इतिहास आणि नागरिकशास्त्र मिळून दोन. नऊ.

मधल्या सुट्टीत ब्रिना आली. दारात उभी राहिली की दार भरतं, अशी पोर. दंडावर गवताचे ओरखडे, खिशात चुरगळलेले हातमोजे.

"परत मोजा."

"तीनदा मोजले, बाळा."

"दहावीत टीग सरांचा वर्ग होता ना! मला वरची श्रेणी मिळाली होती. तो कुठं गेला?"

तो गुणपत्रकावरच होता. पण त्याचं नाव होतं पशुपालन, आणि पात्रता कचेरीच्या यादीत पशुपालनाला हातकामात धरतात, मुख्य विषयात नाही. आमच्याकडे हे कधी कुणाच्या मनातच आलं नव्हतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गायी विऊ लागल्या की मुलं घरी लागतात, शाळेत कुणी येत नाही. म्हणून फार पूर्वी कुणीतरी ठरवलं, मुलं येत नाहीत तर शाळेनं मुलांकडे जावं. दहावीचा विज्ञानाचा तास तेव्हापासून गोठ्यात भरतो. शिकवणारे सर विज्ञानाचे, म्हणून विषयही विज्ञानाचाच असं सगळं गाव धरून चाललं होतं. मीसुद्धा. रसायनशास्त्र आमच्याकडे एक वर्षाआड असतं, आणि यंदाचं वर्ष नेमकं आडचं.

"एका विषयासाठी?" ब्रिना म्हणाली. "एका?"

"यादीत नवा विषय घालता येतो. त्यांना कळवायचं, काय शिकवलं, कुठलं पुस्तक, कसल्या परीक्षा. चल सरांकडे."

टीग सर शाळेमागच्या छपरीत ट्रॅक्टरखाली आडवे होते. फक्त बूट दिसत होते. मी त्या बुटांना प्रश्न विचारला.

"पुस्तक?" बूट म्हणाले. "पुस्तक गाईच्या पोटात असतं, आयोन. हात घालून वाचायचं."

"असं लिहून पाठवू?"

"पाठव. त्या कचेरीत कुणी हात घातला असेल तर कळेल त्याला."

"सर, माझी वही आहे," ब्रिना म्हणाली.

बूट थांबले. सर बाहेर आले, कपाळाला ग्रीस. "ती लाल वासराची? अजून ठेवलीस?"

गुरांच्या खाद्याचं दुकान दर नव्या वर्षाला सगळ्यांना एक चिमुकली वही फुकट देतं. शर्टाच्या खिशात मावणारी. कुठली गाय कधी व्यायली, वासरू नर की मादी, हवा कशी होती, सगळं तिच्यात. पेन्सिल थंडीतही लिहिते म्हणून पेन्सिलीनं. ब्रिनानं दहावीतली वही दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ठेवली. कव्हरवर वाळलेलं रक्त होतं, आणि पानांना दुधाचा आणि आयोडीनचा वास.

उत्तरपत्रिका म्हणून फोटो काढून पाठवावी, एवढाच माझा विचार. पहिलं पान उघडलं आणि जेवायची वेळ टळून गेली.

*२१७ क्रमांकाची गाय. काळी. वळू काळा. वासरू लाल. का?*

त्या 'का'खाली तिनं तीनदा रेघ मारली होती. पुढच्या पानावर तिच्या आजोबांचं उत्तर होतं. ती त्यांना देदा म्हणते, त्यांचे वाडवडील म्हणायचे तसं. *देदा म्हणतो, व्हर्जिल ओकलंडचा लाल वळू कुंपणावरून आला.* त्याखाली तिनं कुंपण तपासल्याची नोंद. *तारा पाच. तुटलेली एकही नाही. त्याच्या वळूचं वजन एक टन. एक टन वळू उडी मारत नाही.*

मग चौकोन सुरू होत होते. चार घरांचे छोटे छोटे चौकोन, पानामागून पान. काळा रंग वर येतो, लाल खाली दबून राहतो. काळ्या गाईच्या अंगात लाल लपलेला असेल आणि काळ्या वळूच्या अंगातही, तर चार वासरांमागे एक लाल निघतं. आई काळी, बाप काळा, लेकरू लाल, आणि कुंपणाचा काही दोष नाही. शेवटच्या पानावर हिशेब होता: *वासरं चाळीस. लाल पाच. वळूच्या अंगात लाल आहेच. सगळ्या गायींत असता तर दहा निघाली असती. पाच निघाली. म्हणजे साधारण निम्म्या गायी लाल लपवून आहेत. कुठल्या?* आणि क्रमांकांची रांग, काहींपुढे प्रश्नचिन्ह.

पानाच्या कडेला म्हातारबुवांनी आपल्या वाकड्या अक्षरात दोन ओळी टाकल्या होत्या. गोठ्यात वाट बघत बसलं की ते असलं काहीतरी गुणगुणतात:

*काळी माझी गाय, काळा तिचा धनी,*
*लाल ग लेकरू आणलं कुठुनी?*

मी वही मिटली आणि उघडली. आता पांढरे झालेत, पण माझे केस तांबडे होते. आईचे काळेभोर, वडिलांचेही. लहानपणी दुकानात कुणी ना कुणी हटकायचंच, "ही तांबडी कुणावर गेली गं?" आई हसून सोडून द्यायची. घरी येऊन माझी वेणी मात्र फार घट्ट घालायची. मी पाकिटाच्या पाठीवर एक चौकोन काढला. चार घरं भरली. चौथ्या घरात मी बसले होते. 

संध्याकाळी अर्ज भरला आणि सरांसमोर ठेवला. खाली एक वाक्य छापलेलं होतं: वर्गातल्या सर्व विद्यार्थ्यांना हा अभ्यासक्रम याच पातळीवर शिकवला गेला. त्याखाली सहीची जागा. सरांनी ते दोनदा वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"त्या वर्षी वर्गात नऊ जण होते, आयोन. एकीनं चौकोन काढले. आठ जणांनी माझ्या कुंपणाच्या तारा ताणल्या आणि डोनट खाल्ले. कशावर सही करू?"

ब्रिना भिंतीला टेकून उभी होती. "म्हणजे मी शिकले ते शिकलेच नाही?"

"तू शिकलीस. मी शिकवलं नाही."

"तुम्हीच म्हणालात, पेन्सिल घे, लिहून काढ!"

"तेवढंच म्हणालो. पुढचं तुझं तू केलंस. ती कचेरी तुला तपासत नाही, वर्गाला तपासते. आणि तो वर्ग... बरा होता. जीवशास्त्र नव्हता."

"एक सही सर! कोण बघायला येणार आहे इथं? रस्त्यावर पाटीसुद्धा वाऱ्यानं पडलीय."

"कुणी येणार नाही," सर म्हणाले. "म्हणूनच."

ती पाय आपटत निघून गेली. जाळीचं दार दोनदा आपटलं. एकदा तिनं, एकदा वाऱ्यानं. मला सरांचा राग आला होता, आणि ते बरोबर होते याचा जास्त. राग आला की मी कपाटं आवरते. आवरताना पात्रता कचेरीकडच्या आमच्या शाळेच्या यादीची जुनी प्रत हाती लागली. तिच्यात मान्य विषयांमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: जीवशास्त्र, प्रयोगांसह. चार वर्षांपूर्वी ते शिकवणाऱ्या बाई निवृत्त झाल्या, वर्ग बंद पडला, पण यादीतून नाव कुणी काढलंच नव्हतं. संगणकावर पाहिलं. होतंच.

मी सरांना घरी फोन लावला. "हार्लन, विषय यादीत आहे. नाही तो शिकवणारा माणूस."

पलीकडे सरांनी भुंकणाऱ्या कुत्र्याला दटावलं. मग सर म्हणाले, "पूर्ण वर्षाचा विषय आहे. एकशेवीस तास. प्रयोग वेगळे. ऑगस्टच्या आधी."

"जमेल?"

"मला जमेल. ऐन गवत कापणीच्या दिवसांत तिचा देदा तिला सोडेल का, ते विचार."

एमिल हावलिकला मीच विचारायला गेले. म्हातारा कुंपणापाशी उभा होता, आणि कुंपणाच्या पलीकडे शेजारचा व्हर्जिल ओकलंड. ब्रिनाच्या वहीआधी चार वर्षं दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, त्या लाल वळूच्या आळापायी. गेल्या वर्षी वही वाचून झाल्यावर एमिल कोलाचेंचा, म्हणजे जर्दाळू भरलेल्या गोड पावांचा, खोका घेऊन व्हर्जिलच्या दारात गेला होता. खोका ठेवला आणि परतला. तेव्हापासून दोघं कुंपणाशी उभे असतात. बोलत फारसे नाहीतच.

"जून-जुलै?" एमिल म्हणाला. "ऐन गवतात? गवत गोळा करायला माझ्याकडे ती एकटी आहे, आयोन. तिची आई चार दिवस इस्पितळात कामाला, तीन दिवस झोपेत."

"सकाळी शाळा. दुपारी ती तुझीच. आणि हार्लन म्हणतो, उरलेलं गवत तो स्वतः ओढील."

"टीग? त्याला सरळ रेघ तरी ओढता येते का?"

"माझं गठ्ठे बांधायचं यंत्र आहे," व्हर्जिल दुसरीकडे बघत म्हणाला. "आणि मीही आहे. माझा वळू कुंपणावरून उडी मारतो म्हणतात. मी फाटकातून येईन."

एमिलनं टोपी काढली, परत घातली. "पोरीला सांग, अभ्यास नीट कर म्हणावं."

शाळा मंडळानं परवानगी दिली आणि जूनच्या पहिल्या सोमवारी रिकाम्या शाळेत वर्ग भरला. एक फळा, एक सूक्ष्मदर्शक, एक मुलगी. पहिला आठवडा ती सरांशी कामापुरतंच बोलली. मी शेजारच्या खोलीत पुस्तकांना कव्हरं घालत बसायचे. खरं सांगायचं तर ऐकतच बसायचे. पेशी कशी दुभंगते, पान ऊन कसं खातं, तळ्याच्या एका थेंबात किती गर्दी असते. बावीस वर्षं शाळेत काढली, पण तास पहिल्यांदाच ऐकला.

जुलैत आनुवंशिकतेचा धडा आला. पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज, मग ब्रिनाचा.

"एवढंच? सर, चार ओळी आणि एक चौकोन? माझी अख्खी वही गेली याच्यात!"

"त्या चार ओळी शोधायला एका माणसाला आठ वर्षं लागली. तुला एक हंगाम लागला. तक्रार काय?"

ती हसली. जूनपासून पहिल्यांदाच. मग म्हणाली, "पण एक सांगा. सगळे लाल वासरू आधी विकतात, काळं ठेवतात. देदाचे वडीलही तेच करायचे. शंभर वर्षं झाली असतील. मग लाल संपला का नाही?"

"लपलेला विकला जात नाही म्हणून."

"ते कळलं. पण किती वर्षं लपेल? कधी तरी संपेलच ना? आणि संपलाय हे कसं कळणार? न दिसणारी गोष्ट नाही, हे कसं दाखवायचं?"

खडू थांबला. "मला माहीत नाही," सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला कसलीशी खुशी ऐकू आली. त्यांनी तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आणि भोवती चौकट काढली. पुसायचा नाही असं ठरलं.

नऊ ऑगस्टला शेवटची परीक्षा झाली. टीग सरांनी पेपर दोनदा तपासला आणि दुसरी श्रेणी दिली. माझा चेहरा बघून म्हणाले, "वनस्पतींत कच्ची आहे. गवत आयुष्यभर कापलंय, पण त्याच्याकडे बघितलेलं नाही." ब्रिना भांडली नाही. "खरंय," म्हणाली.

मी गुणपत्रकावर ओळ चढवली. जीवशास्त्र, प्रयोगांसह. खालची बेरीज बदलली. शाळा उघडायला आठ दिवस होते. पात्रता कचेरीकडून उत्तर यायला सहा लागले, आणि ते उत्तर म्हणजे पडद्यावरचा एक शब्द: मान्य. मी प्रशिक्षक बाईंना फोन केला.

"दहा?" त्यांनी विचारलं.

"दहा. उरलेले सहा बारावीत. गवतावर तिला एक जादा धडा सांगितलाय."

मागच्या मैदानात ब्रिना सराव करत होती. बातमी सांगायला गेले तेव्हा थाळी हातात तोलत ती उन्हात उभी होती आणि डोळे कुंपणापलीकडच्या गायींवर. मी सांगितलं. तिनं मान हलवली, दीड गिरकी घेतली आणि थाळी सोडली. थाळी वाऱ्यावर चढली, जरा थबकल्यासारखी झाली आणि गवतात दिसेनाशी झाली.

"सॉर्ली बाई," थाळी शोधायला निघताना ती म्हणाली, "त्या कॉलेजात गुरांचा विभाग आहे का, विचारलंत?"

"नाही गं. विचारू?"

"विचारा. फळ्यावरचा प्रश्न मी वहीत उतरवून घेतलाय."