एकाच बुडाखाली चौदा वर्षं

मित्रांनो, मी एक जुनं घडीचं स्टूल आहे आणि माझं डोकं जाम फिरलंय. चार लोखंडी पाय, वर जाड कापड. दहाजणांना पुरेल एवढं मजबूत बनवलं मला, पण बसलं एकच माणूस. आमची बाई.

बाई मानववंशशास्त्राची प्राध्यापक. म्हणजे लोक कसे राहतात ते बघायचं आणि लिहायचं. चौदा वर्षं ती एकाच वस्तीत जायची. ती माझ्यावर, लोक समोर उभे. मग जाडजूड पुस्तक आलं. टाळ्या तिला, माळ्यावरची धूळ मला.

एकदा वस्तीतल्या मावशीनं तोंडावर विचारलं, "तुझ्या पुस्तकानं आमचं काय झालं गं?"

बाईनं ते फारच मनावर घेतलं. तिनं कॉलेजच सोडलं. आता म्हणे लोकांना विचारून त्यांच्या उपयोगाच्या वस्तू बनवणार. पहिलं काम, दवाखान्याबाहेरचा बाक.

मला वाटलं, सुधारली. कसलं काय! पुन्हा तीन महिने माझ्यावर बसून तेच. "बाक कसा हवा?" लोक म्हणायचे, "कसाही चालेल." उन्हात ताटकळलेला माणूस दुसरं काय बोलणार? बाईनं "चालेल" लिहून घेतलं आणि स्वतःचंच पुस्तक उघडून ठरवलं, इथले लोक जमिनीवर बसतात, म्हणजे बाक बुटका हवा. तोंड असतं तर चार शब्द सुनावले असते.

बाक बसवायचा दिवस आला. गवंडी सिमेंट कालवत होता. "ओ बाई, उठा की जरा. मधेच ठाण मांडलंय."

बाई उठली. तेवढ्यात दवाखान्याच्या रांगेत दमलेली तीच मावशी आली आणि धपकन माझ्यावर बसली. आणि तिला उठताच येईना. माझी उंची बाईनं ठरवलेल्या त्या बुटक्या बाकाएवढीच.

"धर गं मला!"

बाईनं हात पुढे केला. मावशीनं तो धरलाच नाही. "आज तू धरशील. उद्या कोण? तुझं पुस्तक?"

गवंडी फिसकन हसला. बाई नाही हसली. "दादा, थांबा. ओतू नका."

"माल वाळेल ना!"

"वाळू दे. मावशी, हात कुठं टेकला तर उठता येईल?"

मावशीनं दोन्ही बाजूंची हवा दाबून दाखवली. "इथं आणि इथं. अन् बाक वीतभर उंच कर. तीन महिने विचारतेस, पण बसायला आज मिळालं."

मित्रांनो, कुणाला काही विचारायचं असेल तर आधी त्याला बसू द्या. एवढं साधं तिला इतकी वर्षं सुचलं नाही. आता बाई उन्हात उभी राहून लिहितेय. पाय दुखतील. दुखू देत.